खुशालराव गावंडे सध्या काय वाचतात?

पंधरा प्रश्न होते आणि त्यांतल्या एकाचंही खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

सोमवारी सकाळी अमरावतीच्या साईनगरात, आपल्या घराच्या ओट्यावर खुशालराव गावंडे पालक निवडत बसले होते. निवृत्तीनंतर जमुनाबाईंनी नवऱ्याला नेमून दिलेलं हे काम. ज्या माणसानं सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, त्याला पालक काय जड जाणार? पण तेवढ्यात मोबाईल वाजला. पुण्याहून अपेक्षाचा मेसेज होता. अपेक्षा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

"बाबा, एक गंमत केलीये. इथल्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वाचणाऱ्या माणसांवर सदर येतं. मी तुमच्याबद्दल लिहून पाठवलं होतं. त्यांना इतकं आवडलं! शुक्रवारी दुपारी चारला रागिणी म्हणून मुलगी तुम्हाला फोन करेल. प्रश्न साधेच आहेत, खाली पाठवलेत. एक फोटोही द्या, हातात पुस्तक घेऊन."

खाली प्रश्नच प्रश्न. रोज किती वेळ वाचता? सध्या काय वाचताय? कोणत्या पुस्तकानं रडवलं? वाचनामुळे एखादं मत बदललं का? शहरातली आवडती जागा कोणती? शहरात काय बदलावंसं वाटतं? सहाव्या प्रश्नापर्यंत खुशालराव पालकाची पानं कचऱ्यात आणि देठं पातेल्यात टाकायला लागले होते. जमुनाबाईंनी ते पाहिलं आणि पातेलं उचलून नेलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! खुशालराव पुस्तकं वाचत नसत. म्हणजे कमी वाचत, निवडक वाचत, असलं काही नाही, वाचतच नसत. तीस वर्षं रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ते शहरातल्या एका जुन्या वाचनालयात जात, हे मात्र शंभर टक्के खरं. घरात पाव्हणा असो की गहू दळायचा असो, 'वाचनालयात जातो' म्हटलं की कोणी अडवत नसे. तिथं डाव्या हाताच्या पंख्याखाली त्यांची एक खुर्ची होती. पेपरातल्या निधनवार्ता बघायच्या, ओळखीचं कोणी गेलं का ते तपासायचं, शेजारच्या खुर्चीतल्या देवमनशी हळू आवाजात दोन गोष्टी करायच्या, आणि मग डुलकी. हा देवमन एसटीतला निवृत्त कंडक्टर. त्याचंही वाचन साधारण एवढंच.

बरं, एवढ्यावर राहतं तरी बिघडत नव्हतं. पण अपेक्षा सहा वर्षांची असताना एकदा जेवता जेवता तिनं विचारलं, "बाबा, आज काय वाचलं?" आता पोरीला काय सांगणार, अमुकतमुक यांचं दुःखद निधन? त्यांनी आपलं काहीतरी रचून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मग वाचनालयातून सायकलवर घरी येता येता गोष्ट जुळवायची आणि ताटावर बसलं की 'पुस्तकात असं होतं' म्हणून सांगायची, हे दहा वर्षं चाललं. त्यातून पोरगी वाचायला लागली. अशी वाचायला लागली की आज पुण्यात तिच्या घरी एक आख्खी भिंत पुस्तकांची आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, "हे सगळं माझ्या बाबांमुळे." खुशालराव पुण्याला गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसत. लाज वाटायची हो! आणि आता ती लाज पेपरात छापून यायची होती, नि सगळ्यांत आधी ती अपेक्षाच वाचणार होती.

संध्याकाळी पंख्याखाली बसून त्यांनी देवमनला सगळं सांगितलं.

"त्यात काय एवढं?" देवमन म्हणाला. "पंधराही प्रश्नाले एकच उत्तर देजो. म्हनजो, सांगनं कठीन आहे."

"रोज किती वेळ वाचता, यालेही सांगणं कठीण आहे?"

"मंग? घड्याळ लावून थोडीच वाचते मानूस."

शेजारची पिंकी शाळेत मराठी शिकवत होती. तिनं तर तासाभरात पंधराही उत्तरं लिहून आणून दिली, तीन पानं, मागून-पुढून. पहिलंच वाक्य होतं, 'वाचन हा माझ्या अस्तित्वाचा अविरत श्वासोच्छ्वास आहे.' खुशालरावांनी ते पाठ करायला घेतलं. 'अस्तित्वा'पर्यंत गाडी नीट जायची आणि 'श्वासोच्छ्वासा'त कवळी हलायची. सतरा वेळा म्हणून झाल्यावर जमुनाबाई आतून म्हणाल्या, "दम लागून राहिला काय? डॉक्टरले दाखवा."

"अभ्यास करून राहिलो मी!"

"या वयात? कावून?"

खुशालरावांनी कागद मिटवला. रात्रभर विचार केला आणि मंगळवारी सकाळी एक निर्णय घेतला. निर्णय तसा सज्जन होता. शुक्रवारपर्यंत एक पुस्तक खरंच वाचून काढायचं. एक! निदान एका प्रश्नाला तरी छातीठोक उत्तर देता येईल.

वाचनालयाचे ग्रंथपाल मोतीराम. खुशालराव आत आले की पंख्याचं बटण दाबायचं, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की खुशालराव आज डावीकडे न वळता सरळ त्यांच्या टेबलाशी आल्यावर ते दचकून उभेच राहिले.

"पंखा खराब झाला काय?"

"नाही. पुस्तक पाहिजे."

"कोनाले?"

"मले."

मोतीरामांनी चष्मा पुसला. कपाटातून एक जाडजूड नोंदवही काढली, धूळ झटकली, बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. सभासद क्रमांक चारशे बारा, खुशालराव गावंडे, यांच्या नावावर एक पुस्तक बाहेर होतं. बारा वर्षांपासून. नावाच्या रकान्यात शाई पसरली होती, दाखलक्रमांक तेवढा दिसत होता.

"हे जमा झाल्याबिगर दुसरं देता येत नाही. नियम आहे."

"हरवलं असं लिहून देतो नं."

"हरवलं म्हनाल तर नमुना चार भरा. तो कार्यकारिणीपुढे जाईन. कार्यकारिणीची बैठक दुसऱ्या शनिवारी. कोरम झाला तं."

खुशालरावांनी स्वतः चौतीस वर्षं लोकांना हेच सांगितलं होतं, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. ते पंख्याखाली जाऊन बसले आणि डोकं धरून आठवू लागले. तीस वर्षांत एक पुस्तक घरी नेलं, ते कुठलं? बरं, ते गेलं कुठं? घरी येऊन जमुनाबाईंना विचारलं, तर त्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही.

"माह्या भावाले नाही का पाठवलं होतं? पंजाबरावनं मांगितलं होतं काहीतरी. दसऱ्याले अकोल्याले गेली तवा मीच घेऊन गेली."

बुधवारी सकाळी खुशालराव बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि अकोल्याला उतरले. डाबकी रोडवर पंजाबरावांचं घर. पंजाबराव भाजीचा माल घेऊन बाजारात गेलेले, घरी त्यांच्या बायको पार्बताबाई एकट्या. गळ्यात तुळशीची माळ, दारात सडा. न कळवता जवाई दारात उभा म्हटल्यावर त्यांनी आधी पायावर पाणी दिलं, मग चहा ठेवला, मग विचारलं.

"पुस्तक?" पार्बताबाई बुचकळ्यात पडल्या. "पुस्तक तं नाही देल्लं कधी. पोथी देल्ली होती तुमी."

"पोथी?"

पार्बताबाईंनी देवघराकडे हात केला. देवांच्या मागं, समईच्या उजेडात, लाल कापडात बांधलेली एक वस्तू चौरंगावर होती. वर हळदीकुंकवाचे थर. झालं होतं असं, की दसऱ्याच्या दिवशी रिकाम्या हातानं माहेरी कसं जायचं, म्हणून जमुनाबाईंनी ते पुस्तक कोऱ्या लाल खणात बांधलं होतं आणि सोबत नारळ ठेवला होता. आता दसऱ्याला, लाल खणात, नारळासकट, तेही जवायाच्या घरून आलेली वस्तू कोणी सोडून पाहतं का?

"बारा वर्षं झाले जवाईबापू, दर दसऱ्याले पूजा होते. माह्या पोराले, नितेशले, नोकरी लागली ते या पोथीच्या पुन्याईनं."

"उघडली नाही कधी?"

"उघडाले कायले लागते? पोथी घरात असली म्हंजे झालं."

हे तत्त्व खुशालरावांना अगदी मनापासून पटलं. पण पोथी परत न्यायची म्हटल्यावर पार्बताबाई अडल्या. देवातून असं उठवून नेता येत नाही, नैवेद्य झाला पाहिजे, आणि जवाई जेवल्याशिवाय जाणार कसा? पुरणाची डाळ शिजायला पडली. अकराची गाडी गेली. दीड वाजता नैवेद्य दाखवून झाला, आणि मग पार्बताबाई हात जोडून म्हणाल्या, "एवढे वाचनारे तुमी, अपेक्षा सांगत राहते. जाता जाता दोन ओव्या वाचून दाखवा. आजवर कोनी वाचली नाही."

खुशालरावांनी गाठ सोडली. आतल्या वेष्टणावर डुलणाऱ्या तुऱ्याचा एक लालभडक कोंबडा होता, आणि वर नाव, 'परसातील कोंबडी : निगा व नफा'. पंजाबरावांच्या डोक्यात त्या काळी कोंबड्या पाळायचं खूळ शिरलं होतं, ते खुशालरावांना आत्ता आठवलं. माळकरी घराच्या देवघरात बारा वर्षं कोंबडीची पूजा! खण घाईघाईनं कोंबड्यावर ओढून त्यांनी पुस्तक स्वतःकडे तोंड करून उघडलं. पार्बताबाईंनी डोळे मिटले. वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

"प्रातःकाळीं उठोन," खुशालरावांनी पोथीचा सूर लावला, "खुरा..." आणि गिळलं. "घरदार झाडावें. स्वच्छ पाणी ठेवावें. दाणा देतां हात राखावा. दुबळें जें असेल, तें जवळ घ्यावें. मोठे टोची धाकट्यासी, तरी त्यासी वेगळें करावें."

"खरं आहे," पार्बताबाईंच्या डोळ्यांतून धार लागली. "माह्या मोठ्या जावेनं लय टोचलं मले. लय खरं लिवलं आहे."

"अंधारीं न ठेवावें. उजेड द्यावा चौदा घटिका. तेणें..." पुढचा शब्द अंडी होता. "तेणें सुख उपजे."

पार्बताबाईंनी लोटांगण घातलं. खुशालरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पुस्तक पिशवीत पडलं हे महत्त्वाचं.

दुपारच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. म्हटलं, पुस्तक हातात आलंच आहे तर हेच वाचून टाकू. कोंबडीचं का असेना, पुस्तक ते पुस्तक. तीन पानं त्यांनी लक्षपूर्वक वाचली. पण तीस वर्षांची सवय ती! छापील मजकूर डोळ्यांसमोर आला की यांच्या पापण्या आपोआप मिटायच्या. जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती, आणि समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, धामणगाव रेल्वे. बडनेरा मागं राहून पाऊण तास झाला होता. उलट्या गाडीनं घरी पोचेस्तोवर जेवणवेळ टळून गेली, आणि जमुनाबाईंनी "भावाच्या घरचं पुरण जिरलं वाटते" एवढंच म्हणून ताट वाढलं.

गुरुवारी मोतीरामांनी पुस्तक हातात घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं. समईचं तेल वेष्टणातून चाळिसाव्या पानापर्यंत उतरलं होतं.

"हे विद्रूप ग्रंथात मोडते. नमुना पाच."

"आणि नमुना पाच...?"

"कार्यकारिणी."

म्हणजे नवीन पुस्तक शुक्रवारच्या आत मिळायची आशा संपली. 'जमा करून घेता येत नाही' म्हणून मोतीरामांनी कोंबडीही परत केली. पिंकीनं त्याच पुस्तकासोबत त्यांचा फोटो काढला, कोंबड्यावर पंजा पसरून. फोटोत माणूस असा दिसत होता, जणू छातीत कळ आली आहे.

शेवटी शक्कल लढवली ती देवमननं. फोन वाचनालयातच घ्यायचा, पुस्तकांच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून. रागिणीबाईनं पुस्तकाचं नाव विचारलं की समोरचं वाचायचं, लेखक विचारला की तोही वाचायचा. खुशालरावांना ही युक्ती इतकी आवडली की शुक्रवारी ते साडेतीनलाच जाऊन उभे राहिले. आणि चार वाजता वाजता त्यांच्या लक्षात आलं, की मोतीरामांनी सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून पाठीवर फक्त आकडे टाकले होते. दुसरीकडे जावं म्हणून वळले, तेवढ्यात फोन वाजला. भिंतीवर भलीमोठी पाटी होती, शांतता राखा. खुशालरावांनी फोनवर ओंजळ धरली आणि कपाटात तोंड घातलं.

"नमस्कार काका, मी रागिणी. रोज किती वेळ वाचता तुम्ही?"

"काही नाही तं दोन घंटे," खुशालराव कुजबुजले, आणि नेमकी 'दोन घंट्यां'वरच मोतीरामांनी टेबलावर पट्टी आपटली.

"काही नाही?"

"हं," खुशालराव घाबरून म्हणाले.

"आणि सध्या काय वाचताय?"

समोर फक्त आकडे होते. सातशे सव्वीस, सातशे सत्तावीस. एखाद्या पुस्तकाचं नाव घ्यावं तर ते आठवेना, म्हणून त्यांनी मोघमच ठेवलं. "आता कोनतं एक सांगू बाई? तीस वर्षं झाले, पुस्तकं वाचून राहिलो मी."

"काय सांगता काका! तीस वर्षं?"

"तीस. एक दिवस खंड नाही."

"आणि कधी कुणाला बोलला नाहीत?"

"त्यात बोलाचं काय?"

"त्रास नाही झाला कधी?"

"सवय होऊन जाते." बाई इतकी भारावली का आहे, हे त्यांना उमगेना, पण काम सोपं चाललं होतं. धीर येऊन पुढच्या प्रश्नांना त्यांनी अगदी मोकळी उत्तरं दिली. मत बदललं का? बदललं, कोंबडीविषयी, ती दिसते तेवढी बावळट नसते. शहरातली आवडती जागा? वाचनालयातला डाव्या हाताचा पंखा. शहरात काय बदलावंसं वाटतं? "एवढा पंखा सोडून काहीही बदला." फोन ठेवताना रागिणी म्हणाली, "काका, असं बोलणारा माणूस आम्हाला आजवर भेटला नव्हता." देवमननं अंगठा दाखवला. खुशालराव दोन दिवस घरात गाणं गुणगुणत होते.

रविवारी सकाळी देवमन मोबाईल हातात धरून धावतच आला. ओट्यावर बसला, घटाघटा पाणी प्याला आणि मग वाचायला लागला. मोठ्या अक्षरात मथळा होता, 'तीस वर्षं मी पुस्तकावाचून राहिलो!' त्याखाली, 'मुलीनं वाचक म्हणून नाव सुचवलं, वडिलांनी फोनवर खरं काय ते सांगितलं. रोज वाचनालयात जाऊनही एकही पुस्तक न वाचणारा अमरावतीचा एक निखळ माणूस.' आणि तो छातीत कळ आलेला फोटो.

"अबे खुशाल," देवमन म्हणाला, "तू तं सारं खरं सांगून देल्लं!"

"नाही रे बाबा! आईशप्पथ खोटं बोललो होतो! चांगलं जपून, एकेक शब्द खोटा बोललो!"

मग देवमननंच उलगडा केला. इकडं 'वाचून राहिलो' म्हणजे वाचतो आहे. पुण्याकडं असं कोणी म्हणत नाही. तिला ऐकू आलं, पुस्तकावाचून. म्हणजे पुस्तकांशिवाय राहिलो. एका कान्याचा फरक, आणि तीस वर्षांची अब्रू गेली.

बाहेर मात्र भलतंच चालू झालं होतं. मोतीरामांचा फोन आला, आमच्या पंख्याचं नाव पेपरात येण्याची ही पहिलीच वेळ, कार्यकारिणी अभिनंदनाचा ठराव घेणार आहे. पंजाबरावांचा आला, फोटो लय झकास. पिंकीनं तिच्या तीन पानांतलं एकही वाक्य का आलं नाही म्हणून बोलणं टाकलं. कोणी अनोळखी माणसं म्हणत होती, वा, काय खरा माणूस! खुशालरावांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्या सगळ्या फोनांत एक फोन आला नव्हता, आणि दर वेळी घंटी वाजली की ते आधी अपेक्षाचं नाव आहे का ते बघत होते.

"शुद्धिपत्र छापाले लाव," देवमन म्हणाला. "हक्क आहे आपला."

हे खुशालरावांना जमण्यासारखं होतं. त्यांनी कोरा कागद घेतला, उजव्या कोपऱ्यात दिनांक टाकला आणि लिहिलं : 'विषय : मजकुरातील चुकीच्या दुरुस्तीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, मी पुस्तकावाचून राहिलो नसून पुस्तके वाचून राहिलो आहे. तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी, ही विनंती.' खाली सही केली. आणि फोन वाजला. अपेक्षा.

"बाबा! पाहिलंत तुम्ही? काय मूर्खपणा आहे हा!" ती ओरडली. "तुम्ही 'वाचून राहिलो' म्हणाला असणार, हो ना? मला वाचताक्षणी कळलं. पुण्याबाहेरचं मराठी समजत नाही आणि निघाले मुलाखती घ्यायला! माझ्या बाबांबद्दल असं छापतात! मी आत्ता संपादकांना फोन करतेय. माफी मागायला लावते, पहिल्या पानावर. तुम्ही फक्त मला एकदा सांगा, तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?"

सगळं जमून आलं होतं. शुद्धिपत्र सहीनिशी हातात होतं, पोरगी भांडायला उभी होती, 'वाचून राहिलो' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तर खरंच म्हणाले होते. देवमन खुणेनं 'सांग, सांग' म्हणत होता. खुशालरावांनी तोंड उघडलं. पण पोरगी एवढी तावातावानं कोणासाठी भांडते आहे? हिला चार लोकांसमोर आपल्या खोट्यासाठी उभं करायचं?

"नको करू फोन," ते म्हणाले.

"का?"

"बरोबर छापलं त्याईनं. मी खोटंच सांगितलं होतं, ते चुकून खरं छापल्या गेलं."

देवमन उठला आणि चपला घालून हळूच निघून गेला.

"म्हणजे काहीच नाही? एकही पुस्तक?"

"कोंबडीचं तीन पानं. या बुधवारी."

"मग रोज दोन तास तुम्ही तिथं काय करत होतात?"

"झोपाचो. देवमनसंग बोलाचो. घरी असलो की तुही आई काम सांगे." आत जमुनाबाईंच्या कढईतला झारा थांबला. खुशालरावांना आता थांबता येत नव्हतं. "मले लय लाज वाटे, अपेक्षा. तू ते भिंत दाखवे नं लोकाइले, मले तिकडे पाहवे नाही."

"आणि त्या गोष्टी? जेवताना सांगायचात त्या?"

"सायकलवर जुळवाचो. चौकात सिग्नल लागला तं थोडी लांबे."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"उंटाची पण?"

उंट खुशालराव साफ विसरले होते. मग तो हळूहळू आठवला. चुकीच्या गाडीतून बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरलेला उंट. त्याला अकोल्याला जायचं होतं, पण खिडकीवरचा बाबू त्याला माणसाचं तिकीटही देईना आणि सामानाचंही. कितीतरी महिने चालली होती ती गोष्ट.

"ते पण," ते म्हणाले.

आता अपेक्षा बोलली तेव्हा तिच्या आवाजातलं पुणं पार उतरलं होतं.

"मी ते पुस्तक शोधून राहिली नं बाबा. बारा वर्षं झाले. इथल्या साऱ्या जुन्या पुस्तकवाल्याइले सांगून ठेवलं, उंटाचं पुस्तक आलं तं मले फोन करा म्हणून. ते हसते मले. मले त्याचा शेवट पाहाचा होता."

खुशालरावांनी हातातल्या शुद्धिपत्राची घडी घातली. "शेवट नाही झाला, बेटा. मधात तुही दहावी आली. मंग तू विचारलंच नाही."

"मंग तो उंट?"

"बडनेऱ्यालेच आहे."

पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे खुशालरावांना कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. त्यांनी फोन कानाला तसाच घट्ट धरून ठेवला. जमुनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, नवऱ्याचे डोळे पाहिले आणि घाबरून हळू आवाजात विचारलं, "काय म्हणून राहिली?"

"उंटाचं विचारून राहिली," खुशालराव म्हणाले.